बारा डब्यांचा सिनेमा

"तिसरी ओळ वाचा," चष्मेवाला म्हणाला.

खुर्चीतल्या बाईंनी तिसरी ओळ वाचली.

"छान. आता चौथी. आणि हो, तो ट्रम्पेटवाल्याचा सिनेमा बघितलाय का तुम्ही?"

बाईंना चौथी ओळ दिसत नव्हती आणि सिनेमाही त्यांनी बघितलेला नव्हता. पण डोळ्यांत थेंब घातलेलं आणि नाकावर चाचणीची जड चौकट चढवलेलं माणूस उठून जाणार कुठे? एवढ्या एका सोयीवर चष्मेवाल्याने आजवर निम्म्या गावाला त्या सिनेमाची गोष्ट ऐकवली होती. एक नवरा असतो, ट्रम्पेट वाजवणारा. त्याची बायको असते, त्या ट्रम्पेटला वैतागलेली. सिनेमा अर्ध्यावर येतो न येतो तोच बायको मरते. माणसं येतात, रडतात, जातात. आणि मग दार उघडून बायको आत येते!

"म्हणजे भुताचा सिनेमा?"

"छे हो! भूत कसलं, चांगली धडधाकट. का आली, कशी आली, कोणी विचारत नाही. नवरासुद्धा विचारत नाही. तो काय म्हणतो माहितीये? नाही, ते सांगून मजा नाही. ते बघायलाच हवं."

गंमत अशी, की बघायला तो सिनेमा कुठे मिळतच नव्हता. त्याचं नावही असं, की ऐकल्या ऐकल्या विसरावं. खुद्द चष्मेवाल्याने तो एकदाच पाहिला होता, अकराव्या वर्षी, मामाच्या थिएटरात. मामा तिथे मशीन चालवायचे आणि भाच्याला बाल्कनीच्या पायरीवर बसवायचे. त्या दिवशी अख्खं थिएटर हसत होतं. पुढच्या रांगेतला एक जाडा माणूस तर हसता हसता खुर्चीसकट मागे पडला होता. त्याला आता अडतीस वर्षं झाली होती. जगातला सगळ्यात विनोदी सिनेमा आपल्या एकट्याच्या डोक्यात अडकून पडलाय आणि जगाला त्याचा पत्ता नाही, ही चष्मेवाल्याची कायमची ठसठस होती.

त्याचे मित्र दोन. एक वकील, एक बेकरीवाला. रोज सकाळी सात वाजता तिघं बेकरीसमोरच्या बाकावर चहा घ्यायचे. वकील या सिनेमावरून त्याची यथेच्छ टर उडवायचा. "तुझा तो सिनेमा म्हणजे माझ्या अशिलाचा साक्षीदार आहे. सगळं त्याला माहीत, फक्त तो हजर होत नाही." यावर बेकरीवाला एवढा हसायचा, की आत गल्ल्यावर बसलेली त्याची बायको ओरडायची, "दात काय काढताय, पाव जळतोय!" वहिनींचा आवाज असा, की पाव न जळताच खरपूस व्हावा.

सहा महिन्यांपूर्वी वहिनी गेल्या. दोन दिवस ताप आला आणि तिसऱ्या दिवशी त्या नव्हत्या. बेकरी चौथ्याच दिवशी उघडली. पाव तसाच उत्तम निघत होता, पण भाजणारा माणूस बोलायचा बंद झाला. बाकावर तो अजून यायचा, कप हातात धरायचा आणि चहा गार करून परत ठेवून द्यायचा. वकिलाने सगळे विनोद करून पाहिले. बेकरीवाला मान हलवायचा, एखादी तक्रार ऐकून घ्यावी तसा. चष्मेवाल्याला ते बघवत नसे. हा माणूस एकदा, एकदाच पूर्वीसारखा हसायला हवा, याखेरीज त्याला हल्ली दुसरं काही सुचत नव्हतं.

आणि अशातच एका बुधवारी, परगावी शिकणाऱ्या त्याच्या मुलीचा निरोप आला. "बाबा, तुमचा सिनेमा सापडला! कोणीतरी जुनी प्रत इंटरनेटवर टाकलीये. लिंक पाठवतेय."

चष्मेवाला दुकानात उभ्या उभ्या नाचायचा तेवढा राहिला. पुढच्या मिनिटाला लिंक वकिलाकडे गेली, त्याच्या पुढच्या मिनिटाला बेकरीवाल्याकडे. सोबत मजकूर: "औषध पाठवतोय. दार लावून एकटाच बघ. पोट दुखलं तर मी जबाबदार नाही."

रात्री जेवताना त्याने बायकोला ही शुभवार्ता दिली. बायकोचा घास हातातच राहिला.

"अहो, त्यात बायको मरते ना?"

"मरते. पण परत येते!"

"तरीपण. आधी एकदा आपण बघून घ्यायचा होता."

"मला पाठ आहे तो. आपण रविवारी बघू, निवांत. वीस वर्षं तुला कबूल केलंय, घाईघाईत नाही बघायचा."

बायको पुढे काही बोलली नाही. ती बोलली नाही की काहीतरी चुकलेलं असतं, हे इतक्या वर्षांत त्याच्या लक्षात यायला हवं होतं.

शुक्रवारी सकाळी बेकरीचं शटर खाली होतं. त्यावर कागद चिकटवलेला: 'आज नाही.' पिशव्या घेतलेली माणसं तो कागद परत परत वाचत होती, जणू तिसऱ्यांदा वाचल्यावर त्यातून पाव निघणार होता. बाकावर एकटा वकील बसला होता.

"काय झालं रे?"

वकिलाने त्याच्याकडे असं पाहिलं, की सरकारी पक्षानेही आरोपीकडे पाहू नये. "तू माणूस आहेस की कोण? बायको गेलेल्या माणसाला बायको गेल्याचा सिनेमा दाखवतोस?"

"पण ती परत येते ना!"

"कुठे येते? मी अख्खा बघितला. शेवटची नावं वर जाईपर्यंत बसलो होतो, म्हटलं, आता येईल, मग येईल. मेलेली बाई मेलेलीच राहते. नवरा घराला कुलूप लावून परक्या गावी जातो आणि एकटाच पिपाणी वाजवत बसतो. मी रडलो रे! मी! आज कोर्टात न्यायाधीश विचारणार, डोळे आलेत का म्हणून."

"तू दुसराच सिनेमा बघितलास."

"तू पाठवलेलाच बघितला. आणि त्यानेही तोच बघितला. सकाळी फोन केला तर म्हणाला, 'आज उठवत नाही.' एवढंच."

चष्मेवाला तडक दुकानात आला आणि आतल्या खोलीत मोबाइल घेऊन बसला. बाहेर एक गृहस्थ डोळ्यांत थेंब घालून बसले होते. त्यांना त्याने "पाच मिनिटं हं" असं सांगितलं. सिनेमा दोन तासांचा होता.

घर तेच होतं. ट्रम्पेट तेच होतं. करडा कोट घालणारी ती बायको, तिचा तो तुटक आवाज, सगळं तेच. फक्त ती आजारी पडली, मेली आणि आली नाही. चष्मेवाल्याने तो भाग मागे घेऊन तीनदा पाहिला, जणू दार उघडताना आपलंच लक्ष चुकलं असावं. दार उघडलंच नाही. बाहेर आला तर थेंबवाले गृहस्थ भिंतीला विचारत होते, "आता मी जाऊ का?"

दुपारी बायको डबा घेऊन आली तेव्हा तो काउंटरमागे डोकं धरून बसला होता.

"कोणीतरी कापलाय तो," तो म्हणाला. "परत येण्याचा भागच उडवलाय."

"सलग आहे की सगळा, कुठे तुटलेला नाही. मीही बघितला सकाळी, स्वयंपाक करता करता."

"मग मी काय पाहिलं? अख्खं थिएटर हसत होतं गं! जाडा माणूस खुर्चीसकट पडला!"

"तुम्ही अकरा वर्षांचे होतात," बायको हळूच म्हणाली. तिच्या आवाजात दया होती, आणि तीच त्याला जास्त लागली. माणसाला कोणी खोटं म्हटलं तर भांडता येतं. कोणी लहान म्हटलं तर काय करणार?

त्या थिएटरातलं ओळखीचं एकच माणूस अजून हयात होतं. शनिवारी सकाळी त्याने मामांचं दार ठोठावलं. मामांनी ऐंशी ओलांडली होती. ते एकटे राहायचे, स्वतःचं स्वतः करायचे आणि "तीस वर्षांत माझ्या हातून एक रीळ चुकलं नाही" हे वाक्य आल्यागेल्याला ऐकवायचे.

"मामा, तो ट्रम्पेटवाल्याचा सिनेमा आठवतो?"

"चहा घेणार?" मामा म्हणाले.

"मामा, त्यात बायको परत येत होती की नाही?"

"साखर किती?"

"मामा!"

मामांनी गॅस बंद केला आणि पाठ न वळवताच विचारलं, "कोणाला सांगणार नाहीस ना?"

"कोणाला सांगू? मॅनेजर जाऊन वीस वर्षं झाली."

मग मामा खुर्चीत बसले आणि अडतीस वर्षांनी कबुलीजबाब दिला.

"तेव्हा एक सिनेमा दोन थिएटरांत एकाच वेळी लागायचा. प्रत एकच. तिथे डबे दाखवून झाले, की इथल्या मशीनवर पोऱ्याला बसवून मी ते सायकलच्या कॅरिअरला बांधून इकडे आणायचो. बारा डबे, एकेका डब्यात एक रीळ. पहिले पाच आधीच आणून लावले होते. मग दोन गठ्ठे आणायला गेलो. एकात सहा, सात, आठ, दुसऱ्यात नऊ, दहा. शेवटचे दोन मागून पोऱ्या आणणार होता. उतारावर सायकलची चेन पडली आणि मी पडलो. बांधलेले गठ्ठे घरंगळत खालच्या गटारात! आकड्यांच्या चिठ्ठ्या भिजल्या, निघून गेल्या. उचलले, सदऱ्याला पुसले आणि वर पळालो. पाचवा डबा संपायला दोन मिनिटं. कुठला गठ्ठा आधी? घाईत काही आठवेना. देवाचं नाव घेतलं आणि एक लावला."

"नववा."

"नववा! तिकडे बाई सरळ मेलीच. मला घाम फुटला. पण आता थांबवणार कसं? दहावा संपला, सहावा लावला, तर बाई दार उघडून आत! आणि खाली एकच हशा. मी मशीन बंद करायला हात घातला, तेवढ्यात मॅनेजर धापा टाकत वर. म्हटलं, गेली नोकरी. तर तो ओरडला, 'बंद केलंस तर बघ! लोक हसतायत!' पुढच्या खेळाला मी सगळं नीट लावलं. लोक मुकाट बसले. पाच दिवसांत सिनेमा उतरला."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"काय सांगणार? खेळ सुटल्यावर तू जिन्यावरून धावत वर आलास. हसून हसून डोळ्यांत पाणी. म्हणालास, 'मामा, तुमचा सिनेमा जगात भारी!' आता त्या पोराला कसं सांगू, की बाबा, हा सिनेमा नाही, ही माझी चूक आहे?"

आयुष्यभर ज्याची शिफारस केली, तो सिनेमा जगात एकदाच, एका दुपारी, एका पडलेल्या सायकलमुळे झाला होता. चष्मेवाल्याला फसल्यासारखं वाटलं आणि खूप एकटंही वाटलं. पण खाली कुठेतरी बरंही वाटलं, कारण जाडा माणूस खुर्चीसकट पडला होता हे खरं होतं. मग त्याला बेकरीचं बंद शटर आठवलं आणि त्याने मामांना सगळं सांगितलं.

मामांनी ऐकून घेतलं, उठले, इस्त्रीचा सदरा चढवला.

"चल. मी लावतो तसाच्या तसा."

"तसाच्या तसा म्हणजे?"

"म्हणजे चुकीचा. पण यावेळी नीट चुकवू."

बेकरीवाल्याच्या घराचं दार वकिलाने उघडलं. तो सकाळपासून तिथेच बसून होता, पहारेकऱ्यासारखा.

"आता काय आणलंस? भूकंपाचा सिनेमा?"

"सरक आधी."

बेकरीवाला आत टेबलाशी बसला होता. दाढी वाढलेली, समोर चहाचा गार कप. चष्मेवाल्याला पाहून तो उठला आणि त्याने स्वतःहून खुर्ची पुढे केली. हे ओरडा खाण्यापेक्षा वाईट होतं.

"रागावलो नाहीये मी," बेकरीवाला म्हणाला. "तुला मला हसवायचं होतं, कळतं मला. फक्त उठवेना रे."

"तू तो चुकीचा बघितलास."

"पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग बघितला."

"तिथेच चुकलं!"

"याला साक्षीला उभा केला असता," वकील मामांना म्हणाला, "तर फिर्यादीलाच शिक्षा झाली असती."

मामा कोणाचं ऐकत नव्हते. ते टीव्हीसमोर जाऊन बसले, रिमोट मागून घेतला आणि कोणतं बटण कशाचं हे दोनदा विचारून घेतलं. रीळ संपत आलं, की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर गोल ठिपका उमटतो. त्यावरूनच मशीनवाला पुढचं रीळ चालू करतो. जुन्या प्रतीवर ते ठिपके तसेच होते. मामा मोजत गेले. "हा पाचव्याचा. आता पुढे. हा आठव्याचा. इथून नववा." चष्मेवाल्याने मिनिटं कागदावर टिपून घेतली. दोनदा बटण चुकलं, एकदा आवाज गेला, एकदा दुसऱ्याच वाहिनीवर हवामानाच्या बातम्या लागल्या. तीस वर्षांत न चुकलेला माणूस आता चूक अचूक जमावी म्हणून धडपडत होता.

"तुला नको असेल तर बंद करू," चष्मेवाला बेकरीवाल्याला म्हणाला. आता त्याचाच धीर सुटत चालला होता. हे जमलं नसतं, तर होत्या त्या दोन मित्रांपैकी एक गेला असता आणि दुसरा आयुष्यभर टोमणे मारत राहिला असता.

"आला आहात तर लावा," बेकरीवाला म्हणाला.

नववा डबा सुरू झाला. बायको मेली. बेकरीवाल्याने टेबलाची कड धरली. माणसं आली, गेली. मेलेलीच्या बहिणीने तिचा करडा कोट आठवण म्हणून हातावर घेतला आणि ती निघून गेली. दहाव्याच्या शेवटी रिकाम्या घरात नवरा ट्रम्पेट मांडीवर घेऊन बसला. "एकदा तरी येऊन ओरड ना माझ्यावर," तो म्हणाला. मग त्याने ट्रम्पेट ओठांना लावलं आणि एकच लांब सूर काढला. कोपऱ्यात ठिपका उमटला. मामांनी बटण दाबलं.

दार धाडकन उघडलं. बायको पिशवी घेऊन आत आली.

"कोपऱ्यापर्यंत ऐकू येतंय! बंद कर ते!"

नवऱ्याने मानही वर केली नाही. "लवकर आलीस," तो म्हणाला.

"काम लवकर संपलं."

वकिलाच्या नाकातून आवाज निघाला आणि त्याने लगेच खोकल्याचं सोंग आणलं. चष्मेवाला पडद्याकडे बघतच नव्हता, तो बेकरीवाल्याकडे बघत होता. बेकरीवाला दगडासारखा बसला होता. मेलो, चष्मेवाल्याच्या मनात आलं.

पडद्यावर बायकोने कपाट उघडलं, हँगर इकडचे तिकडे केले आणि विचारलं, "माझा करडा कोट कुठे गेला?"

"तुझी बहीण घेऊन गेली," नवरा म्हणाला.

"मला न विचारता?"

आधी बेकरीवाल्याचे खांदे हलले. मग उचकीसारखं काहीतरी झालं. मग तो हसला. टेबलावर हात आपटत, डोळे मिटून, पूर्वी पाव जळेपर्यंत हसायचा तसा हसला. वकीलही सोंग सोडून हसला. मामा उठून उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "बसला! बरोबर बसला!"

सातवा झाला, आठवा झाला. बायको नवऱ्याला बोलत राहिली, नवरा ऐकून न ऐकल्यासारखं करत राहिला. हसता हसता बेकरीवाल्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि मग ते कशाचं आहे हे कोणालाच, त्यालाही, सांगता आलं नसतं. आठव्याच्या शेवटी ठिपका आला तसा मामांचा अंगठा अकराव्याकडे वळला.

"थांबा मामा," बेकरीवाला म्हणाला. "पुढे काय आहे ते मला माहीत आहे. परत ती आत येते तिथून लावा."

"असं कसं? अजून दोन डबे बाकी आहेत. खेळ पूर्ण करायला लागतो."

"लावा ना मामा."

मामांनी आयुष्यात पहिल्यांदा खेळ अर्धवट सोडला आणि मागे गेले. दार धाडकन उघडलं. पुन्हा एकदा. आणि पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळेनंतर बेकरीवाल्याने बाहीने तोंड पुसलं आणि तो चष्मेवाल्याकडे वळला.

"तू इतकी वर्षं उगाच सांगत होतास हं. हा काही विनोदी सिनेमा नाहीये."

"म्हणजे? आत्ता हसलास की एवढा!"

"हसलो ना. पण यात विनोदी काय आहे?" बेकरीवाला टीव्हीकडे बघत म्हणाला. "आमच्याकडे रोज असंच असायचं."

अडतीस वर्षं या एका मुद्द्यावर चष्मेवाला कोणाशीही भांडला असता. वकील त्याच्याकडे बघून वाटच पाहत होता. पण चष्मेवाला मामांच्या बाजूला सरकून बसला.

"मामा," तो म्हणाला, "परत लावा."